नव्या सिस्टरांना प्री-एक्लॅम्पसिया वेळेत ओळखायला कसं शिकवायचं

तुमच्याकडं पत्र आलंय की पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या एएनएम (उपकेंद्राच्या सिस्टर), स्टाफ नर्स आणि सीएचओंचं (उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी) प्री-एक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचं, प्रशिक्षण घ्या, आणि तुम्ही एलएचव्ही (एएनएमवर देखरेख करणाऱ्या) आहात किंवा जुन्या स्टाफ नर्स किंवा नुकतेच जॉईन झालेले एमओ (मेडिकल ऑफिसर), कुणाला शिकवायची सवय नाही. मग होतं काय, कुणाकडून तरी पीपीटी मागवायची, साठ-सत्तर स्लाईड, त्यात वारेची (प्लॅसेंटाची) रंगीत चित्रं, दुपारचं जेवण झालं की अर्ध्या सिस्टर डुलक्या काढतायत, शेवटी सह्या, ग्रुप फोटो, चहा, संपलं. सातारा-सांगली भागात अशी ट्रेनिंगं मी भरपूर बघितलीत आणि घेतलीपण आहेत, म्हणून आता स्पष्ट सांगते, माहिती कमी पडते म्हणून हा आजार आपल्या हातून सुटत नाही. १४०/९० हा आकडा कुठल्याही सिस्टरला झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगेल. सुटतो तो बीपी नीट मोजला जात नाही म्हणून, आणि मोजला तरी आला तो आकडा लिहिला जात नाही म्हणून. तेव्हा निम्म्याच्या वर वेळ हातातल्या कामाला द्या आणि बोलणं कमी करा.

आधी रजिस्टर बघा

ट्रेनिंगच्या आठवडाभर आधी दोन-तीन उपकेंद्रांची एएनसी (गरोदर मातांच्या तपासणीची) रजिस्टरं घेऊन बसा आणि फक्त बीपीचा रकाना वरून खाली वाचत जा. ११०/७०, १२०/८०, ११०/७०, ११०/८०, १२०/८०. खऱ्या माणसांचा बीपी असा नसतो हो, त्यात ११४ येतो, १२६ येतो, एखादीचा ९८/५६ येतो. पानभर आकडे शून्यावरच संपत असतील तर एकतर अंदाजानं लिहिलेत नाहीतर कफ (बीपी मशीनचा पट्टा) दंडाला लागलेलाच नाही. हे पान नावं झाकून ट्रेनिंगला सगळ्यांसमोर ठेवायचं, पण उपकेंद्राचं नाव घ्यायचं नाही, कुणाला बोल लावायचा नाही, नाहीतर त्या दिवसभर तोंड उघडणार नाहीत. फक्त विचारायचं, "ह्या पानात काय वेगळं वाटतंय?" आणि गप्प बसायचं. सांगतात त्या बरोबर, त्यांना सगळं माहीत असतं.

दुसरं, प्रत्येकीला निरोप द्या की रोजचं बीपी मशीन सोबत घेऊन या. जिल्ह्याहून आणलेल्या कोऱ्या मशीनवर शिकवलं तर ती घरी जाऊन परत जुन्याच मशीनवर काम करणार. आल्या आल्या सगळी मशीनं एका टेबलावर मांडा. पाऱ्याचं असेल तर पारा शून्यावर आहे का, काट्याचं असेल तर काटा शून्यावर येतोय का, बल्बचा स्क्रू हवा सोडतोय का, कफचं वेल्क्रो चिकटतंय का की चिकटपट्टी लावून भागवलंय, डिजिटल असेल तर सेल कधी बदलले. मग एका खात्रीच्या मशीनशी एकेक ताडून बघा, त्याच बाईच्या त्याच दंडावर एकदा हे एकदा ते, आणि ५ च्या वर फरक राहिला तर ते मशीन बाजूला काढून दुरुस्तीला. मनगटाला लावायची डिजिटल मशीनं तर गरोदर मातेला नकोतच. दंडाच्या डिजिटलमध्येसुद्धा सगळी सारखी नसतात, काही मॉडेल नेमकं प्री-एक्लॅम्पसियात बीपी कमी दाखवतात, म्हणून गरोदरपणासाठी तपासून पास झालेलं मॉडेल असेल तरच त्याच्यावर विसंबायचं, आणि डिजिटलवर १३० च्या वर काही आलं की एकदा कानानं ऐकून खात्री करायची.

बॅच १०-१२ जणींचीच ठेवा. दिवस निवडताना मासिक मीटिंग आणि लसीकरणाचा वार टाळा. माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे ८ तारखेला अर्धा दिवस शिकवणं आणि ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गरोदर माता येतातच, तिथं त्यांच्यावर सराव. जिवंत माणसावर जो हात बसतो तो खुर्चीत बसून बसत नाही.

आजार दहा मिनिटांत सांगून मोकळं व्हा

फळ्यावर एवढंच लिहा. २० आठवड्यांनंतर नव्यानं बीपी वाढला, वरचा १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त (दोन्हीपैकी एक पुरे), चार तासांच्या अंतरानं दोनदा, आणि सोबत लघवीत प्रथिनं किंवा किडनी, लिव्हर, मेंदू, प्लेटलेट, वार यापैकी कशालातरी झळ, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया. १६०/११० म्हणजे तीव्र, तिथं चार तास थांबायचं नाही, पंधरा मिनिटांत परत मोजायचं आणि हालचाल सुरू. झटके आले म्हणजे एक्लॅम्पसिया.

कारण सांगताना पण लांबण नको. वार गर्भाशयात रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला पाहिजेत त्या नीट होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, ती असे घटक आईच्या रक्तात सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणून हा नुसता बीपीचा आजार नाही, बीपी फक्त बाहेरून दिसणारी खूण. आणि म्हणूनच वार बाहेर पडल्याशिवाय तो मुळातून जात नाही, गोळ्या-इंजेक्शननं आपण आईला झटके आणि मेंदूतला रक्तस्राव यांपासून वाचवतो आणि बाळासाठी दिवस मिळवतो. जगभरात साधारण २ ते ८ टक्के गरोदरपणात हा होतो, म्हणजे प्रत्येक उपकेंद्राच्या यादीत वर्षात एखाद-दुसरी असणारच. यादीत एकही नसेल तर आपण शोधलेली नाही असं समजा.

इथं एक गैरसमज मुद्दाम काढा. लघवीत प्रथिनं नाहीत म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया नाही, असं जुन्या सिस्टरांच्या डोक्यात पक्कं बसलंय कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. आता तसं नाही. बीपी वाढलाय, डोकं दुखतंय, प्लेटलेट कमी, तर लघवी स्वच्छ असली तरी तो प्री-एक्लॅम्पसियाच. आणि सुजेचं उलट, पायाला सूज निम्म्याअधिक गरोदर बायकांना येते, तेवढ्यावर निदान होत नाही. पण तोंड सुजलं, बोटं सुजली, आठवड्याभरात वजन एकदम किलो-दोन किलोनं वाढलं तर बीपी मोजल्याशिवाय तिला सोडायचं नाही.

बीपी मोजायला शिकवणं

इथं दोन तास घाला, कमी नको.

सुरुवातीला जोड्या करा आणि सांगा, रोज मोजता तसं एकमेकींचं मोजा. मध्ये बोलू नका, फक्त बघत फिरा आणि वहीत टिपा. काय दिसेल ते मी आधीच सांगते. ब्लाऊजची बाही वर गुंडाळलेली, ती दंडाला काचतेय आणि त्याच्याखाली कफ. स्टेथोचा गोळा कफच्या आत खुपसलेला. बाई टेबलावर बसलेली, पाय लोंबकळतायत, पाठीला टेकू नाही, हात हवेत. मोजता मोजता "काल मीटिंगला काय म्हणाले गं साहेब?" हवा भसकन सोडून दिलेली. हे सगळं फळ्यावर लिहा, कुणाचं काय ते सांगू नका, त्यांचं त्यांना कळतं.

मग पद्धत. बाई चालत आली असेल, उन्हातून आली असेल, तर पाच मिनिटं बसू द्या. चहा घेतलाय का आणि मिश्री लावलीय का हे विचारा, आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या पोरी अजून आहेत आणि त्या सांगत नाहीत, तंबाखूनं बीपी थोडा वेळ वर जातो, अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून यायला सांगा, तिथंच डबीत सँपल पण होतं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. झोपवून मोजायचा असेल तर डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचा घेऊ नका, तो हात छातीच्या वर राहतो आणि बीपी कमी येतो. ही चूक बाळंतपणाच्या खोलीत फार होते.

कफच्या साईजवर थांबा. दंडाचा घेर टेपनं मोजायला लावा. नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. जाड दंडाला तोच कफ लावला तर बीपी खोटा जास्त येतो, हे बऱ्याच जणींना माहीत असतं, पण उलटं कुणी लक्षात घेत नाही. जत, आटपाडी, माण-खटावकडच्या किडकिडीत पोरी बघा, दंड २० सेंटिमीटरचा, तिला मोठा कफ गुंडाळला की बीपी खोटा कमी येतो, आणि आपल्याला तीच हातची जाते. म्हणून एक छोटा आणि एक मोठा कफ पीएचसीला तरी हवाच, अनटाईड फंडातून (गरजेप्रमाणे वापरायच्या निधीतून) घेता येतो का ते एमओंशी बोला.

नाडीवर बोट ठेवून हवा भरा, नाडी लागेनाशी झाली की अजून ३० वर न्या, मग स्टेथो कोपराच्या आतल्या बाजूला धमनीवर, कफच्या खाली, आणि हवा सेकंदाला २ च्या वेगानं सोडा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा, ठोके पूर्ण बंद झाले तो खालचा. आवाज बारीक झाला तिथं नाही, बंद झाला तिथं. एखादीला अगदी शून्यापर्यंत ठोके ऐकू येत राहतात, तिच्यात आवाज बारीक झाला तो आकडा घ्या आणि तसं लिहून ठेवा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा मोजा, ज्या हाताचा जास्त त्या हाताचा पुढं नेहमी.

आता सराव. दोन जणींना एकदम ऐकता येईल असा शिकवायचा स्टेथो मिळाला तर बघा, नर्सिंग कॉलेजात असतो, मागितला तर देतात. तुम्ही आणि सिस्टर एकाच वेळी ऐका, दोघींनी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहा, मग चिठ्ठ्या उघडा. ४ पर्यंत फरक चालेल. जास्त असेल तर परत. यात मजा येते, पोरी ईर्ष्येला पेटतात, आणि कुणाला कमी ऐकू येतं हे पण लक्षात येतं, ते त्या स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

आला तो आकडा लिहायचा

पाऱ्याच्या किंवा काट्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे १३८ आला तर १३८ लिहायचा, १४० नाही आणि १३० तर नाहीच. सिस्टर १३० का लिहिते ते समजून घ्या. १४० लिहिला की रेफर करा, फोन करा, फॉलोअप करा, ऑनलाईन हाय रिस्कमध्ये टाका, आणि वरून "एवढ्या हाय रिस्क तुमच्याच उपकेंद्रात कशा?" असं कुणीतरी विचारणार. हे बदलायचं काम सिस्टरचं नाही, तुमचं. ट्रेनिंगमध्येच एमओंना उभं करून सगळ्यांसमोर म्हणायला लावा की जास्त हाय रिस्क सापडल्या तर कुणी बोलणार नाही. मी तर म्हणते, लेखी काढा.

नुसता आजचा आकडा न बघता पहिल्या तिमाहीतल्या आकड्याशी लावून बघायची सवय लावा. जी बाई तिसऱ्या महिन्यात ९६/६० होती ती आठव्या महिन्यात १३४/८६ आली तर व्याख्येत बसत नाही, पण तिला महिन्यानं बोलवायचं नाही, आठवड्यानं बोलवायचं, लघवी बघायची, लक्षणं सांगून पाठवायची.

अंगणवाडीत व्हीएचएनडीला (गावातल्या आरोग्य-पोषण दिवसाला) १४२/९० आला आणि सिस्टर म्हणते "चालत आली ना, घाबरली असेल", असं म्हणून सोडून देणं बंद. तिला तिथंच सावलीत बसवून ठेवा, सत्र संपेपर्यंत दोनदा परत मोजा. कमी झाला तरी दोन-तीन दिवसांत परत मोजा, नाही झाला तर त्याच दिवशी पीएचसी.

लघवीची पट्टी

ह्याला फार वेळ लागत नाही पण दोन-तीन गोष्टी हमखास चुकतात. पट्टीची बाटली उघडी राहते, दमट हवेत पट्ट्या खराब होतात, पावसाळ्यात पाटण-जावळीकडं तर विचारूच नका. तारीख गेलेली असते. पट्टी बुडवून लगेच वाचतात किंवा टेबलावर टाकून दुसऱ्या कामाला जातात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच वाचायची, बहुतेक पट्ट्यांवर प्रथिनांसाठी ६० सेकंद असतात, घड्याळ लावून. सँपल मधल्या धारेचं, अंगावरून पांढरं जात असेल तर आधी धुवून यायला सांगा नाहीतर खोटं पॉझिटिव्ह येतं. एक प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम, दोन म्हणजे १००, तीन म्हणजे ३००, डेसिलिटरला. बीपी वाढलेला आणि एक प्लस, एवढ्यावर डॉक्टरांना दाखवायला पाठवायचं. पट्ट्या संपल्या असतील तर जुनी परीक्षानळीची पद्धत आहेच, वरचा भाग तापवायचा, गढूळ झालं तर ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकायचे, तरी गढूळपणा राहिला तर प्रथिनं आहेत. नव्या पोरींना ही एकदा करून दाखवा, पट्ट्या संपतातच.

विचारायचं कसं

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात दुर्लक्ष होतं ते इथं. पुस्तकात लिहिलंय की तीव्र डोकेदुखी, दृष्टी धूसर, पोटाच्या वरच्या भागात वेदना. आपल्या बायका असं बोलतात का? आणि सिस्टर विचारते काय तर "काय त्रास नाही ना?" मान खाली घालून फॉर्म भरता भरता. त्याला उत्तर एकच, "नाय ओ, काय नाय." सासू शेजारी बसलेली असते, त्यात आपल्याकडं सगळं अंगावर काढायची सवय.

म्हणून विचारायचे प्रश्न पाठ करून घ्या आणि रोल प्ले करा, एक सिस्टर, एक सून, एक सासू. "रात्री डोकं ठणकतं का? गोळी घेऊन थांबतं का?" "डोळ्यापुढं अंधारी येते का, काजवे चमकल्यागत होतं का?" "इथं, बरगडीच्या खाली, उजव्या बाजूला किंवा मधोमध दुखतं का?" आणि हात लावून दाखवायचं. हे दुखणं बाई 'पित्त झालंय' म्हणून सांगते, मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून खाते, आणि ते लिव्हरचं दुखणं असतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाईनं पित्त म्हटलं की बीपी मोजायचाच, हा नियम करून टाका, त्यात उलट्या असतील तर आणखी लवकर. "चुडा घट्ट झालाय का, जोडवी निघतात का?" हा प्रश्न माझा आवडता, सूज आली का म्हटलं की नाही म्हणतात पण चुडा रुतलाय हे लगेच सांगतात, डोहाळजेवणाला भरलेला असतो ना, तेव्हा सैल होता आता फिरत नाही. "लघवीला कमी होतंय का?" "बाळ फिरतंय का कालच्यासारखं?" "दम लागतो का आडवं पडल्यावर?"

सासूला बाहेर पाठवायची युक्ती पण शिकवा. तिला म्हणायचं "मावशी, जरा आशाताईंकडून कार्ड आणता का," आणि तेवढ्यात सुनेला विचारून घ्यायचं. पण लक्षणं कुठली धोक्याची हे सासूलाही वेगळं सांगायचं, कारण रात्री दोनला गाडी बोलवायची का नाही ते तीच ठरवणार.

आणि झटका आल्यावर घरात काय करतात ते मोकळेपणानं बोलू द्या. कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं, बाहेरचं काही असेल म्हणून देवरशाकडं नेणं, यात जाणारा वेळ जिवावर बेततो. हसण्यावारी नेऊ नका, आशाताईंना विचारा त्यांच्या गावात काय करतात.

बारा आठवड्यांच्या आत काय बघायचं

पहिल्याच नोंदणीला धोका ओळखता आला तर पुढचं खूप सोपं होतं. आधीच्या खेपेला बीपी वाढला होता का किंवा झटके आले होते का, जुना बीपी, शुगर, किडनीचा आजार, जुळं, पहिलंच बाळंतपण, वय फार कमी किंवा पस्तिशीच्या पुढं, दोन बाळंतपणांत दहा वर्षांचं अंतर, जास्त वजन, आई किंवा बहिणीला झालं होतं का, टेस्ट ट्यूबचं गरोदरपण. जास्त धोका असेल तर डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात, ७५ ते १५० मिलिग्रॅम रोज एक, १२ आठवड्यांपासून, १६ च्या आत सुरू झाली तर उपयोग जास्त. सिस्टरनं स्वतः सुरू करायची नाही, पण वेळेत पाठवायचं काम तिचंच. अडचण एकच, आपल्याकडं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. म्हणून आशाताईंची गावातली ओळख इथं कामाला येते.

बीपीची गोळी आधीपासून चालू असलेली बाई गरोदर राहिली तर गोळीचं नाव वाचा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ह्या गरोदरपणात चालत नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरांकडं, गोळी बंद करून वाऱ्यावर सोडू नका.

कॅल्शियम १४ आठवड्यांपासून, ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, लोहाच्या गोळीसोबत नाही, मध्ये दोन तास. मीठ बंद करा, झोपून राहा, हे जुने सल्ले देऊ नका, त्यानं हा आजार टळत नाही.

सापडली तर पुढं काय

१४०/९० ते १५९/१०९, लक्षणं नाहीत, तर त्याच दिवशी एमओ, रक्त-लघवी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी. १६०/११० किंवा कुठलंही धोक्याचं लक्षण, तर एमओंना फोन, बीपीची गोळी अर्धा ते एक तासात पोटात गेली पाहिजे. निफेडिपिन तोंडानं गिळायची, जिभेखाली ठेवायची किंवा कॅप्सूल फोडून थेंब टाकायचे नाहीत, त्यानं बीपी एकदम कोसळतो आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. १४०-१५० पर्यंत आणायचा, १२० करायला जायचं नाही.

झटका आला तर डाव्या कुशीवर, तोंडात काही घालायचं नाही, पकडून दाबून धरायचं नाही, झटका थांबला की तोंडातला फेस पुसून घ्यायचा, ऑक्सिजन असेल तर लावायचा, आणि मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्पाय नावाचा मोठा अभ्यास २००२ मध्ये आला, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका, त्यात मॅग्नेशियमनं झटक्यांचा धोका निम्म्यावर आला. तरी आपल्याकडं सिस्टर हे इंजेक्शन द्यायला घाबरतात. भीती घालवायचा उपाय म्हणजे सराव.

रेफर करण्याआधीचा पहिला डोस स्नायूत, एकूण १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर ५ ग्रॅम. ५० टक्क्यांचा २ मिलीचा ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा ॲम्प्युल. आधी लेबल वाचा, २५ टक्क्यांचे पण मिळतात, मग हिशोब बदलतो. आता दहा ॲम्प्युल फोडायला किती वेळ लागतो ते कधी बघितलंय? डिस्टिल वॉटरचे दहा ॲम्प्युल द्या, १० मिलीच्या दोन सिरिंज, लांब सुई, आणि घड्याळ लावा. पहिल्यांदा बोटं कापतात, दोन फुटतात, सुई बदलायची राहते. तीन वेळा केलं की हात बसतो. दिल्यानंतर बघायचं ते तीन, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतोय का (नी-जर्क), श्वास मिनिटाला १६ किंवा वर आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. श्वास मंदावला तर १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून हळू, ते ट्रेमध्ये मॅग्नेशियमच्या शेजारीच पाहिजे, कपाटाच्या वरच्या खणात नाही.

गाडी १०८. पण गाडी बोलवली म्हणजे काम झालं असं नाही, पुढं फोन करा, सांगलीकडचे मिरज किंवा सांगली सिव्हिल, साताऱ्याकडचे कराड किंवा सातारा सिव्हिल, जिथं स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्त दोन्ही आहे तिथंच. मधल्या दवाखान्यात उतरवून परत पुढं पाठवणं यात रात्र जाते. चिठ्ठीवर बीपी किती वाजता किती, औषध किती वाजता किती, एवढं ठळक लिहा. शेजारच्या कर्नाटकातल्या बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशा आणि एएनएमना टॅब देऊन बीपी आणि लक्षणांवरून धोका ओळखायचा एक मोठा प्रयोग झाला होता, तेवढ्यानं एकूण मृत्यू आणि गुंतागुंत कमी झाल्याचं दिसलं नाही. मी तरी यातून एवढंच घेते की ओळखलेली बाई पुढच्या दवाखान्यात वेळेत पोचली आणि तिथं उपचार झाले तरच ओळखण्याला अर्थ.

माहेर, ऊसतोड आणि डोंगर

आपल्या भागातल्या निम्म्या गडबडी इथं होतात, म्हणून ह्यावर वेगळा अर्धा तास. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, म्हणजे नेमकं जेव्हा हा आजार डोकं वर काढतो तेव्हा तिचं उपकेंद्र बदलतं. सासरची सिस्टर म्हणते ती गेली, माहेरची म्हणते आमच्या यादीत नाही. उपाय साधा, ओटी भरली की आशाताईनं माहेरच्या गावाचं नाव आणि फोन घ्यायचा, सिस्टरनं तिथल्या सिस्टरला फोन करून शेवटचे दोन बीपी सांगायचे, आणि माता बाल संरक्षण कार्ड माहेरी सोबत गेलंय का बघायचं, ते बऱ्याचदा सासरी कपाटात राहतं.

ऊसतोडीचं तर आणखी अवघड. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूसच्या शिवारात उतरतात, कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात, गरोदर बाई कोयत्यावर असते, पहाटे चारला फडात. ती अंगणवाडीत येणार नाही. मुकादमाला गाठून टोळीतल्या गरोदर बायांची यादी घ्या आणि संध्याकाळी कोप्यांवर जाऊन मोजा. पाणी कमी प्यायलंय म्हणून डोकं दुखतंय असं त्या म्हणतात, तरी मोजा. आणि कांदाटी खोऱ्यात जिथून लाँचनं यावं लागतं किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांत, तिथल्या जोखमीच्या मातेला कळा सुरू व्हायची वाट न बघता आधीच खाली नातेवाईकांकडं आणून ठेवायचं, हे आठव्या महिन्यातच घरच्यांशी ठरवा.

बाळंतपणानंतर

बाळ झालं म्हणजे सुटलो असं सगळ्यांना वाटतं. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातो, तोवर बाई डिस्चार्ज होऊन घरी शेक-शेगडी घेत पडलेली. झटके बाळंतपणानंतरही येतात. म्हणून ज्यांचा बीपी वाढला होता त्यांचा पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा घरी जाऊन, आणि सहा आठवड्यांपर्यंत. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळ बघायला जातेच, तिच्याबरोबर सिस्टरनं मशीन घेऊन जावं. बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हटलं की "वारा लागला असेल" म्हणून कान बांधतात, तिथं पण नियम तोच, आधी बीपी. आणि लेबर रूममधल्या सिस्टरांसाठी लाल अक्षरात, बीपी वाढलेल्या बाईला रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन द्यायचं नाही, ऑक्सिटोसिन.

ट्रेनिंग झाल्यावर

सर्टिफिकेट त्याच दिवशी वाटू नका. एकदा उपकेंद्रावर जाऊन तिला खऱ्या गरोदर मातेचा बीपी मोजताना, लघवी बघताना, प्रश्न विचारताना बघा, मग द्या. तीन महिन्यांनी मॅग्नेशियमचा सराव परत, कारण जे रोज करत नाही ते हात विसरतो. रजिस्टरचा बीपीचा रकाना दर महिन्याला बघत राहा, शून्यावर संपणारे आकडे कमी होतायत का ते लगेच दिसतं. रेफर केलेल्या प्रत्येक बाईचं पुढं काय झालं हे सिव्हिलमधून विचारून त्या सिस्टरला कळवा, चांगलं झालं तर सगळ्यांसमोर सांगा, वाईट झालं तर आधी तिला एकटीला.

आणि मासिक मीटिंगला इंडेंटचा (औषधं-साहित्याच्या मागणीचा) कागद सोबत न्या. लघवीच्या पट्ट्या, मॅग्नेशियमचे ॲम्प्युल, कॅल्शियम ग्लुकोनेट, निफेडिपिन, मोठा आणि छोटा कफ, सेल. प्रत्येकासमोर शिल्लक किती आणि एक्सपायरी कधी हे तिथंच भरून फार्मसी ऑफिसरची सही घ्या, नंतर पाठवते म्हटलं की ते राहतं.